आधी कधी झाला होता का?

लॅबमधल्या मुलाने आईच्या दंडाला रबर बांधता बांधता विचारलं, "मावशी, डेंगू आधी कधी झाला होता का?" आणि आईने तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "नाही, कधीच नाही." इतक्या ठामपणे की त्याने परत आईकडे बघितलंही नाही, फॉर्मवर टिक केली आणि सुई टोचली. आई गप्प. तिचं लक्ष समोरच्या भिंतीवरच्या गणपतीच्या फोटोकडे होतं, किंवा नसेलही, तिसऱ्या दिवशीच्या तापात माणसाचं लक्ष कुठेच नसतं. मी त्याच दिवशी पहाटे पुण्याहून निघून नऊच्या सुमारास नाशकात पोचले होते, चंदनापुरीच्या घाटात दोनदा फोन केला तर आई म्हणे "अगं येऊ नकोस, साधी कणकण आहे". खरं काय ते मला शेजारच्या काकूंकडून कळलं होतं, की आईने दोन दिवस दार उघडायला पाच पाच मिनिटं लावली आणि डब्यातली पोळी तशीच परत दिली.

संध्याकाळी रिपोर्ट आला. एनएस-वन पॉझिटिव्ह. आयजीएम निगेटिव्ह. आयजीजी पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी कागद हातात धरून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "यांना आधी होऊन गेलाय कधीतरी. निदान दाट शक्यता आहे. तुम्हाला कळलं नव्हतं का?"

कळलं नव्हतं का. साधाच प्रश्न, त्यांना पुढचा पेशंट होता, त्यांनी उत्तराची वाटही बघितली नाही. पण मला तो त्या दिवसापासून चावतोय, डासापेक्षा जास्त.

कारण तो रिपोर्ट वाचायला मला डॉक्टरांची गरज नव्हती. मी मायक्रोबायोलॉजीची बीएस्सी आहे. २००८ ते २०११, गंगापूर रोडच्या एका कॉलेजात. पुढे त्या डिग्रीचा आणि माझा काही संबंध राहिला नाही, मी पुण्यात इन्शुरन्सचे क्लेम तपासते, पण अँटीबॉडीचे, म्हणजे जंतूला ओळखून धरणाऱ्या रक्तातल्या प्रोटीनचे, पाच प्रकार मला आजही झोपेतून उठवलं तरी सांगता येतात. जी, ए, एम, ई, डी. आम्ही त्याचं 'गेमड' केलेलं. आकृती काढायची, इंग्रजी वाय अक्षरासारखी, दोन जड साखळ्या, दोन हलक्या, वरच्या दोन टोकांना 'बदलतं टोक' लिहायचं आणि बुंध्याला 'ठरलेला भाग', खाली ही रचना शोधणारे एडेलमन आणि पोर्टर, नोबेल १९७२. आठ मार्क. मला साडेसात मिळाले होते, अर्धा मार्क कशाला कापला ते मॅडमनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. तर असा साडेसात मार्कांचा माणूस आईच्या शेजारी उभा राहून म्हणतो, नाही, कधीच नाही.

रात्री वॉर्डात मच्छरदाणी लावलेल्या कॉटशेजारी, सलाइनच्या स्टँडला कोपर टेकवून, मी तो रिपोर्ट मोबाइलच्या उजेडात परत परत बघत होते. यात तीन वेगवेगळ्या गोष्टी लिहिल्यात. एनएस-वन हा व्हायरसचाच एक प्रोटीन, म्हणजे पाहुणा आत्ता घरात आहे. आयजीएम ही अँटीबॉडी, शरीराने घाईघाईत बनवलेली पहिली फळी, ती डेंगूत साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसायला लागते, म्हणून तिसऱ्या दिवशी निगेटिव्ह यात नवल नाही. आणि आयजीजी ही दुसरी अँटीबॉडी, जी पहिल्यांदाच डेंगू होणाऱ्याच्या रक्तात बऱ्याच उशिरा येते आणि मग वर्षानुवर्षं राहते. ती तिसऱ्याच दिवशी हजर. म्हणजे ती या तापाची नाहीच. मागच्या कुठल्यातरी तापाची आहे. (डेंगूच्या भावकीतल्या दुसऱ्या एखाद्या व्हायरसमुळेही ही टेस्ट कधी कधी फसते, हे डॉक्टरांनी सांगितलं, पण 'तसं नसावं' हेही त्यांनीच सांगितलं.)

नाशिककरांना हे समजवायला मला एक सोपी उपमा सापडली होती आणि त्या रात्री मी तिच्यावर फार खूश होते. मी कॉलेजात असताना आम्ही भांडी बाजाराजवळच्या एका वाड्यात भाड्याने राहायचो. पुराचं मोजमाप सगळ्या गावाचं एकच, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं का, छातीला लागलं का, गळ्याशी आलं का. तो सेंटिमीटरचा हिशोब सरकारकडे, आमच्याकडे मारुती. २००८ च्या सप्टेंबरात पाणी बाजारातून वर चढत आमच्या तळमजल्यावर आलं तेव्हा मी फर्स्ट इयरला होते, बाबा आणि वाड्यातले काका लोक धान्याचे डबे जिन्यावरून वर नेत होते आणि आई मधेच उभी राहून "देव्हारा आधी, देव्हारा" असं ओरडत होती. पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं. चिखल आठवडाभर राहिला, फावड्याने ओढला तरी फरशीच्या सांध्यांतून परत यायचा, आणि त्याचा तो वास, कुजलेली पानं, डिझेल आणि ओलं सिमेंट एकत्र केल्यासारखा. आणि मग राहिला भिंतीवरचा पट्टा. कमरेच्या किंचित वर, मातकट, सरळ रेघेत. बाबांनी त्यावर दोनदा डिस्टेंपर मारला. पण दर पावसाळ्यात भिंत दमट झाली की तो पट्टा आतून उठून यायचा. तर पाणी म्हणजे एनएस-वन, चिखल म्हणजे आयजीएम, आणि भिंतीवरचा पट्टा म्हणजे आयजीजी. आईच्या भिंतीवर एक पट्टा होता आणि तो पूर कधी आला होता हे घरातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

घरी आल्यावर कळलं की ही उपमा अर्धीच बरोबर आहे. ते पुढे सांगते.

वॉर्डातले दिवस असे की करायला काही नसतं आणि बसायला वेळ नसतो. काकू पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या, स्टीलच्या छोट्या डब्यात, हिरवागार आणि कडू जहर. माझी मावशी कळवणहून फोनवर "ड्रॅगन फ्रूट दे, किवी दे" करत होती आणि बाहेरच्या फळवाल्याने तर त्या सीझनला किवी सोन्याच्या भावात लावली होती. डॉक्टरांचं एकच, पाणी, ताक, नारळपाणी, ओआरएस, तापाला फक्त पॅरासिटामॉल, दुसरी कुठलीही पेनकिलर घ्यायची नाही, आणि लघवी किती वेळा होते ते लिहून ठेवा. प्लेटलेट्स पहिल्या दिवशी एक लाख अडतीस हजार, मग चौऱ्याहत्तर, मग शेहेचाळीस. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला, आईचा चेहरा जरा माणसात आला, मला इतकं हायसं वाटलं की मी खाली जाऊन मिसळ खाऊन आले, आणि वर आले तर सिस्टर म्हणतात, आता चोवीस ते अठ्ठेचाळीस तास जास्त लक्ष द्यायचं, डेंगूत ताप उतरतो तेव्हाच खरं बघावं लागतं. मिसळ घशात आली.

त्यात आईचा हा दुसरा डेंगू. आणि दुसरा डेंगू पहिल्यापेक्षा बेभरवशाचा असतो, हे मी शिकले होते, पेपरातही लिहिलं होतं, पण ते वाक्य आईच्या कॉटच्या कडेला बसून आठवणं वेगळं.

डेंगूचे व्हायरस चार. चौघेही दिसायला सख्खे भाऊ. एकाने होऊन गेलं की त्या एकापुरतं शरीर पक्कं होतं, पुढे बहुधा जन्मभर. पण दुसरा भाऊ आला की घोळ होतो. जुनी आयजीजी पुढे होते, तिला वाटतं हा तोच, ती त्याला धरते. धरते पण आवळू शकत नाही, कारण चेहरा सारखा असला तरी नाक वेगळं आहे. आणि अँटीबॉडीने धरलेली वस्तू गिळून टाकायची ही आपल्या काही पांढऱ्या पेशींची सवयच, त्या अँटीबॉडीचा बुंधा पकडतात आणि सगळं आत ओढतात. एरवी गिळलेला जंतू मरतो. इथे तो मेलेला नाही, आणि त्याला नेमकं त्याच पेशीत शिरायचं होतं. म्हणजे दारावरचा आपलाच जुना वॉचमन "हे आपले ओळखीचे" म्हणून चोराला हाताला धरून बेडरूमपर्यंत सोडून येतो. सगळ्यांचं असं होत नाही, पुष्कळ लोक दुसऱ्या डेंगूतून साधेपणी बाहेर पडतात, पण ते पुष्कळ लोक रात्री दोन वाजता डोळ्यांसमोर येत नाहीत.

एकदा कॉलेजात आम्ही ही ओळख डोळ्यांनी बघितली होती. प्रॅक्टिकल होतं, काचेच्या प्लेटमध्ये अगारची जेली ओतायची, ती घट्ट झाली की त्यात छोटी गोल भोकं पाडायची, एकात अँटीजेन, म्हणजे अँटीबॉडी ज्याला धरते ती परकी वस्तू, समोरच्यात अँटीबॉडी असलेला सीरम, आणि ओल्या कापसासोबत डब्यात रात्रभर ठेवून द्यायचं. दोघं आपापल्या भोकातून जेलीत हळूहळू पसरतात. सकाळी प्लेट तिरकी करून काळ्या कागदावर धरली तर दोन भोकांच्या मधे एक रेघ. पांढरी, धुक्यासारखी, कोणीतरी नखाने ओढल्यासारखी. जिथे दोघं भेटले आणि एकमेकांना धरून बसले ती जागा. ज्या जोडीची ओळख नाही तिथे जेली स्वच्छ. माझ्या पार्टनरची रेघ आलीच नाही, ती रडली, मॅडम म्हणाल्या सीरम जुना असेल. माझी आलेली. ती प्लेट मी दोन दिवस फेकली नव्हती.

मला तेव्हाही आणि आताही सगळ्यात अजब वाटतं ते हे, की ही ओळख आधीपासून तयार असते. जंतू आल्यावर त्याचं माप घेऊन अँटीबॉडी शिवत नाहीत. १९५७ मध्ये मॅकफार्लेन बर्नेट नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने मांडलं की शरीरात आधीच असंख्य तऱ्हेच्या पेशी फिरत असतात, प्रत्येक बी पेशीच्या, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशीच्या, अंगावर एकाच मापाचे हुक, आणि ज्या पेशीच्या हुकात आलेला पाहुणा बसला तीच तेवढी वाढते, बाकीच्या आयुष्यभर कुणाची तरी वाट बघून मरतात. मग प्रश्न पडला की इतकी मापं येतात कुठून, माणसाकडे प्रोटीनची जीन्स तर वीसेक हजारच. याचं उत्तर सुसुमु टोनेगावा यांनी १९७६ च्या सुमारास दिलं, १९८७ ला नोबेल मिळालं, आणि ते मला आईच्या गोधडीवरून जितकं कळलं तितकं पुस्तकावरून कळलं नाही. आईचं गाठोडं एकच, त्यात जुन्या नऊवारीचे, बाबांच्या शर्टांचे, माझ्या फ्रॉकांचे तुकडे. पण एकीसारखी दुसरी गोधडी कधी झाली नाही. तसं प्रत्येक बी पेशी तयार होताना आपल्या डीएनएतून तुकडे उचलते, जड साखळीसाठी एका ढिगात साधारण चाळीस, दुसऱ्यात तेवीस, तिसऱ्यात सहा, प्रत्येकातून एकेक घ्यायचा, जोडायचा, उरलेलं मधलं कापून टाकायचं. आणि जोडताना शिवण मुद्दाम वाकडी, मधेच दोन टाके मनाचे. त्या वाकड्या टाक्यांमुळेच मापं कोट्यवधींच्या घरात जातात. आईची शिवण मात्र सरळ असते, हे तिच्या बाजूने नोंदवून ठेवते.

आणि तेच पातं वेगवेगळ्या मुठीला बसवायची पद्धत. वायची वरची टोकं, जी ओळखतात, ती तीच ठेवायची आणि बुंधा बदलायचा, की काम बदललं. आधी एम, पाच पाच वाय एकत्र बांधलेले, दहा हात, एकेकाची पकड ढिली पण दहा जणांनी मिळून धरलं तर सुटत नाही. नंतर जी, एकटी, नेमकी, रक्तातून बाहेर पडून मांसापर्यंत जाणारी, आणि आईकडून वारेतून पोटातल्या बाळापर्यंत पोचणारी एकटी हीच. ए आपल्या लाळेत, अश्रूत, आतड्याच्या अस्तरावर आणि बाळाला पाजायच्या पहिल्या पिवळट दुधात. ई म्हणजे माझी खास, पाऊस संपता संपता पाथर्डी फाट्याच्या रिकाम्या प्लॉटांवर काँग्रेस गवत फुललं की मला सलग चौदा शिंका येतात, जंतांशी लढायला दिलेलं हत्यार ही बाई परागकणांवर चालवते. डी बहुतेक बी पेशींच्या अंगावरच बसून असते, मॅडम म्हणायच्या डीवर दोन ओळी लिहा आणि पुढे चला.

जाता जाता, खरवस. गायीच्या वारेतून अँटीबॉडी वासरापर्यंत जातच नाहीत, त्यामुळे त्याला मिळायचं ते सगळं पहिल्या चिकात, आणि तेही पहिल्या दिवसभरातच त्याच्या आतड्यातून रक्तात जातं. म्हणून चिकात अँटीबॉडी ठासून भरलेल्या असतात, आणि गरम केल्यावर तो असा घट्ट वडीसारखा बसतो त्याला तीच प्रोटीनं कारण. म्हणजे आपण वेलची-केशर घालून वासराच्या उकडलेल्या अँटीबॉडी खातो. हे मी एकदा घरी पंगतीत सांगितलं होतं. बाबांनी वाटी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं, परत उचलली.

बाबांवरून दुसरी ओळख आठवली. २०२१ मध्ये बाबा गेले, अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो. थंडीचे दिवस, पायऱ्या ओल्या, कोणीतरी कबुतरांना दाणे टाकत होतं. उपाध्यायांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलंही नाही. विचारलं, आडनाव. मूळ गाव. म्हटलं येवल्याकडचं. आजोबांचं नाव. मग लाल कापडातली लांबट वही काढली, पानं उलटली, आणि पणजोबांच्या भावाची मोडीतली सही माझ्यासमोर धरली. मी बघत राहिले. त्यांना मी कोण, काय करते, कशी दिसते, काही नको होतं. चार तुकडे हवे होते आणि तेही त्यांच्या पद्धतीने मांडलेले. शरीराच्या राखणीतली दुसरी पेशी, टी पेशी, अगदी अशी असते. बी पेशी पाहुण्याचं अख्खं रूप बघते, वळणं, उंचवटे, जसा आहे तसा. टी पेशीला अख्खा व्हायरस समोर आणून ठेवला तरी ती ओळखत नाही. आपल्याच पेशीने तो आत कापून, त्याचा आठ-दहा मण्यांचा तुकडा, आपल्याच घरच्या ताटलीत ठेवून वर आणून दाखवला पाहिजे. ताटली आपली, तुकडा परका, दोन्ही एकदम दिसलं तर ती उठते. हे डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी १९७४ मध्ये कॅनबेरात उंदरांवर काम करताना दाखवलं, नोबेलला १९९६ उजाडलं. आणि ही ओळख शिकायची शाळा छातीत, थायमसमध्ये. तिथला रिझल्ट भयानक लागतो, शंभरातल्या पंच्याण्णवहून जास्त पेशी तिथेच मरतात. ताटलीच वाचता आली नाही तरी नापास, आणि घरच्याच तुकड्यावर धावून गेली तरी नापास.

आई मात्र तापाची ओळख पालथ्या हाताने करते. मानेवर, कानामागे. आमच्या घरात थर्मामीटर होता पण तो 'ऑफिसला दाखवायला'. माझा, दादाचा, बाबांचा, वाड्यातल्या सगळ्या पोरांचा ताप तिने असा पालथ्या हाताने ओळखलाय आणि अर्ध्या डिग्रीचीही चूक नाही. मला प्रश्न पडला तो हा, की तिच्या मानेला कोणी हात लावला?

सहाव्या दिवशी प्लेटलेट्स एकसष्ट हजार, दुसऱ्या दिवशी त्याहून वर, डिस्चार्ज. घरी येऊन आईला उशीला टेकवून बसवली आणि मी विचारायला सुरुवात केली. आई, आठव ना, कधी असा ताप आला होता, हाडं दुखलेली, डोळ्यांच्या मागे ठणका, अंगावर पुरळ? ती म्हणे, "आला असेल गं. बायकांना ताप येतो तेव्हा कुठे कोणी तारीख लिहितं." मी दादाला फोन केला. दादा म्हणाला, "आईला? आईला कधी ताप आलाय?" आणि हे तो चेष्टेने म्हणाला नाही, त्याला खरंच तसं वाटतं. मलाही लॅबमध्ये खरंच तसंच वाटलं होतं. आई आजारी पडत नाही, हे आमच्या घरातलं सगळ्यात जुनं सायन्स.

त्याच रात्री ती उपमा मोडली. मी वाचत पडले होते, काहीतरी तपासायचं म्हणून, आणि लक्षात आलं की आयजीजीचं रक्तातलं अर्धं आयुष्य, म्हणजे असलेल्यातल्या निम्म्या संपायला लागणारा वेळ, जेमतेम तीन आठवडे असतं. शिकलेलं होतं, विसरले होते. म्हणजे त्या जुन्या तापात बनलेल्या अँटीबॉडी आईच्या अंगात आता नव्हत्याच, कधीच संपून गेल्या. मग रिपोर्टमध्ये आलं ते काय? तर हाडांच्या मगजात काही पेशी ठाण मांडून बसतात, वर्षानुवर्षं, आणि कुणी सांगो न सांगो, रोज त्याच एका मापाच्या अँटीबॉडी बनवून रक्तात सोडत राहतात, एकेक पेशी सेकंदाला हजारांच्या हिशोबात. जुनं गेलं की नवं. तेव्हा भिंतीवरचा डाग नाहीच तो. डाग एकदा पडतो आणि पडून राहतो. इथे कोणीतरी रोज सकाळी उठून तीच रेघ नव्याने काढतंय.

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १७८१ मध्ये गोवराची साथ आली आणि मग पासष्ट वर्षं तिथे गोवर फिरकलाच नाही. १८४६ ला परत आला तेव्हा सुमारे ७,८०० वस्तीतले ६,००० च्या आसपास लोक आजारी पडले. पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर घरोघर फिरून नोंदी घेत होता, त्याला आढळलं की ज्या म्हाताऱ्यांना १७८१ मध्ये लहानपणी गोवर झाला होता त्यांतल्या एकालाही परत झाला नाही. मला त्या म्हाताऱ्या बायका डोळ्यांसमोर येतात. अख्खं घर अंथरुणावर, आणि सत्तरीची आजी चुलीपाशी, आणि लोक म्हणत असतील, हिला कुठे काय होतंय.

आई तारीख लिहीत नाही म्हणाली ते खोटं आहे, हे मला दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना आठवलं. आई सगळं लिहिते. कालनिर्णयच्या चौकोनात. दूध किती घेतलं, गॅस कधी लावला, बाईचा खाडा, इस्त्रीचे कपडे. आणि जुनी कॅलेंडरं फेकत नाही, माळ्यावर परकराच्या नाड्याने बांधलेली गुंडाळी आहे, कधी कुणाशी वाद झाला तर पुरावा पाहिजे म्हणून. आई दुपारी झोपल्यावर मी स्टूल घेऊन वर चढले. गुंडाळीवर धूळ, आत झुरळाच्या गोळ्यांचा वास. फरशीवर बसून एकेक वर्ष उलगडत गेले, कोपऱ्यावर जुन्या अडकित्त्याचं वजन ठेवून, कारण कागद परत गुंडाळायला बघतो. जुलै ते नोव्हेंबर एवढंच बघायचं ठरवलं. सगळीकडे आईचे बारीक, उजवीकडे झुकलेले आकडे. १, १, १॥, १, खाडा, १.

२०१७ चा ऑक्टोबर. दोन तारखेपर्यंत आई. तीन तारखेपासून अक्षर बदललेलं. उभं, सुटं, एका उंचीचं. बाबा आयुष्यभर एका पतसंस्थेत कॅशियर होते आणि रक्कम लिहिली की पुढे 'फक्त' लिहिल्याशिवाय त्यांचा हात थांबायचा नाही. "अर्धा लि. फक्त." चार तारखेला, "अर्धा लि. फक्त." पाचला कोजागरी. आईच्या कॅलेंडरात कोजागरीला दरवर्षी अडीच किंवा तीन असतात, अख्ख्या मजल्याला मसाला दूध आमच्याकडे असतं, गच्चीवर पातेलं घेऊन जायचं काम बाबांचं. त्या चौकोनात, छापलेल्या गोल चंद्राच्या खाली, "अर्धा लि. फक्त." सहा, सात, आठ, तसंच. नऊ तारखेला परत आई. १. आणि खाली, खाडा.

याने काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तो डेंगू असेल, नसेल, साधा व्हायरल असेल. माझ्या ऑफिसात अशा पुराव्यावर मी क्लेम पास करणार नाही. २०१७ ला मी पुण्यात होते, रोज रात्री नऊला घरी फोन करायचे, त्या सहा दिवसांतही केलेच असतील. काय बोललो ते खूप आठवून बघितलं. काही आठवत नाही. बहुतेक मी ऑफिसबद्दल बोलले असेन.

आई उठली तेव्हा ते पान मी तिच्यासमोर धरलं. तिने चष्मा लावला, बोटाने चौकोन मोजले, कोजागरीवर थांबली.

"हं. तेव्हा यांनी पिठलं केलं होतं."

"बाबांनी? बाबांना कुठे यायचं?"

"कच्चं राहिलं होतं. गुठळ्या." मग जरा वेळाने, "तोंडाला चव नव्हतीच, मला काय कळतंय. खाल्लं."

"मला का नाही सांगितलं?"

"तू काय करणार होतीस," आई म्हणाली. टोमणा नव्हता, नुसतं विचारल्यासारखं. मग तिने ते पान माझ्या हातातून घेतलं, कोपरा सरळ केला, आणि चष्म्यातूनच स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघितलं, या वर्षीच्या कॅलेंडरकडे. "मी तिकडे होते तेव्हाचं दूध कोणी लिहिलंय?"

कोणीच लिहिलं नव्हतं. चौकोन कोरे होते.

"एक तारखेला तो हिशोब मागेल ना. काकूंना विचार, किती दिवस घेतलं त्यांनी."

मी काकूंना फोन लावला. पहिले दोन दिवस अर्धा अर्धा घेतला होता, मग बंद केला. कॅलेंडरच्या खिळ्याला दोऱ्याने बांधलेलं पेन चालेना, पानाच्या कडेला बराच वेळ गोल गोल गिरवलं तेव्हा कुठे शाई उतरली. आई मागून म्हणत होती, नाडा नीट बांध ती गुंडाळी ठेवताना, आणि वर्षं क्रमाने लाव.

मी लिहिलं. अर्धा लि.